सफरीतल्या सिलिंडरचा अमीर कोण?

रजब जवळ आला की पुण्यातून अजमेरला जाणाऱ्या गाड्यांची जुळवाजुळव सुरू होते. भाड्याची गाडी, मागे तांदळाचं पोतं, पातेली, शेगडी आणि सीटखाली आडवा सरकवलेला घरगुती सिलिंडर. आता टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बिछाना आणि ओटा बसवून कॅम्पर व्हॅन करणारे तरुणही आहेत. त्यात 'असू द्यावं' म्हणून पेट्रोलचा प्लास्टिकचा कॅनही असतो. आषाढीला दिंडीच्या ट्रकमध्येही स्वयंपाकाचा गॅस असतोच, तेव्हा हा प्रश्न एका समाजाचा नाही. पण आधी आपल्या घरचं बोलू.

२६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटक डब्याला आग लागली. उत्तर प्रदेशातून यात्रेला निघालेल्या प्रवाशांनी मनाई असूनही सिलिंडर आत नेला होता. नऊ जण गेले. त्याआधी, १५ एप्रिल १९९७ ला, हजच्या दिवसांत मिनामध्ये आग भडकली. सुमारे सत्तर हजार तंबू जळाले, ३४३ हाजी मृत्युमुखी पडले. ही आग गॅसच्या शेगडीतून लागल्याचं सांगितलं गेलं. त्यानंतर तिथे सहजी न पेटणारे तंबू उभे राहिले आणि तंबूत गॅसवर स्वयंपाक करायला बंदी आली. अल्लाहच्या घरच्या पाहुण्यांसाठीसुद्धा बंदोबस्त माणसांनाच करावा लागला.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर निघून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो. बंद काचांच्या गाडीत मग दिव्याच्या बटणाची ठिणगीही पुरते. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, पण झोपलेल्या माणसाला तो जाग आणेलच असं नाही. पेट्रोलची वाफही अशीच जड असते आणि कडक थंडीतही पेट घेते.

माझं मत सरळ आहे. जादा डिझेल-पेट्रोल नेऊच नये. पुणे ते अजमेर हमरस्त्यावर पंप जागोजागी आहेत. अगदीच आडवाटेला पेट्रोल न्यावं लागलं, तर घट्ट झाकणाचा धातूचा डबा हवा, प्लास्टिकचा नको. डबा गाडीत ठेवून नव्हे, जमिनीवर ठेवून भरावा, काठोकाठ भरू नये आणि माणसं बसतात तिथे ठेवू नये. कायद्यानेही परवान्याशिवाय तीस लिटरपर्यंतच पेट्रोल बाळगता येतं, तेही विक्रीसाठी नाही.

गॅसचं म्हणाल तर, माणसं बसतात-झोपतात त्या गाडीत सिलिंडर नकोच. रांधायचंच असेल तर सामानाच्या वेगळ्या गाडीत छोटा सिलिंडर उभा बांधून न्यावा, व्हॉल्व्ह बंद, टोपी लावलेली, रबरी नळी काढलेली. शेगडी पेटवायची ती मुक्कामाला, उघड्यावर. नाहीतर वाटेतल्या ढाब्यावर जेवावं. त्यात पैसे जास्त जातात हे खरं. पण वाचवलेल्या पैशांचा हिशेब तीस जिवांशी कसा मांडणार?

एवढं सांगितलं की उत्तर येतं, 'मौत लिखी होगी तो आएगी.' हा तवक्कुल नव्हे, आळस आहे. मदिनेत रात्री एक घर जळालं, तेव्हा पैगंबरांनी झोपण्यापूर्वी आग विझवायला सांगितलं, हे हदीसमध्ये आहे. तिघे सफरीला निघाले तर एकाला अमीर करावं, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. आपले अमीर नमाजाची वेळ पाहतात, वर्गणीचा हिशेब ठेवतात. गाडी सुटण्याआधी सीटखाली वाकून पाहणं हेही अमीराचंच काम आहे. त्याने ते केलं नाही, तर सोबत निघालेल्या कुठल्याही आईने विचारावं, 'भाई, सिलिंडर कुठे ठेवलाय?' आणि समाधान होईपर्यंत गाडीत चढू नये.