ज्यूसर घ्या, पण रसाला औषध समजू नका



मिक्सरसोबत मिळणारा ज्यूसर आता वस्तीतल्या अनेक घरांत दिसतो. कुणी हप्त्यावर घेतो, कुणाला लग्नात भेट मिळतो. संत्री स्वस्त झाली की आठ दिवस तो जोरात चालतो आणि मग फळीवर जाऊन बसतो. जाळीत वाळलेला चोथा, तळाला पांढरा थर, रबराला वास. घामाचे पैसे गेले ते गेलेच, वर अशा भांड्यातला रस पोटही बिघडवतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : ज्यूसर धुण्याची शिस्त आणि रस कुणी पिऊ नये याची माहिती, या दोन गोष्टी घरात नसतील तर तो न घेतलेलाच बरा.

आधी धुण्याचे पाहू. रस काढल्याबरोबर जाळी पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने दोन्ही बाजूंनी घासावी. चोथा वाळला की छिद्रे बुजतात, भांडे थरथरते आणि मोटरवर ताण येतो. तारेची घासणी लावू नये. आपल्याकडे बोअरचे पाणी खारे, त्यामुळे पांढरा थर लवकर बसतो. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात दोन लिंबे पिळून किंवा थोडे व्हिनेगर टाकून जाळी अर्धा तास भिजवावी; थर सुटतो. शेवटचे विसळणे पिण्याच्या पाण्याने करावे. रबराची चकती काढून वेगळी धुवावी आणि सगळे भाग कोरडे झाल्यावरच जोडावेत. मोटर पाण्याखाली कधीच धरू नये. प्लग काढून ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसावी.

एक मिनिट चालवून थोडे थांबावे. विजेचा दाब कमी असताना मोटर तापते, अशा वेळी तो चालवूच नये. मध्येच बंद पडला तर प्लग काढून थंड होऊ द्यावा. बऱ्याच यंत्रांच्या खालच्या बाजूला एक लाल बटण असते, ते दाबून पाहावे; दुरुस्तीवाल्याकडची फेरी वाचेल. फळ आत ढकलायला बोट किंवा चमचा घालू नये. आणि फक्त संत्री-मोसंबीच पिळायची असतील तर हाताने दाबायचा साधा ज्यूसर पुरतो.

हे सगळे करणार कोण? पिणारे पाच आणि धुणारी एकटी आई, असे आपल्या घरात तरी नसावे. ज्याने रस मागितला त्याने जाळी धुवावी.

आता दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. आपल्या शेगाव तालुक्यातली, तसेच संग्रामपूर, जळगाव जामोदकडची बरीच गावे त्यात येतात. किडनीच्या आजाराची चिंता इथे जुनी आहे. अशा रुग्णाला भेटायला जाताना आपण प्रेमाने संत्री किंवा नारळपाणी नेतो. पण किडनी नीट काम करत नसेल तर शरीरातले पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साचते, आणि फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतते. एक मोठा पेला संत्र्याच्या रसात साडेचारशे ते पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. डाळिंब, टोमॅटो, बीट, पालक यांच्या रसातही ते भरपूर. म्हणून किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही रस देऊ नये.

मधुमेहींनीही जपावे. त्याच पेल्यात वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. तीन-चार संत्री आपण एका दमात खात नाही, पिऊन मात्र टाकतो, आणि साखर आवरणारा चोथा फेकून देतो. रसातली साखर मर्यादेतच घ्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. एक वर्षाखालच्या बाळाला रस देऊ नये.

दुधीच्या रसाचे वेड आहे, त्यांनी आधी तुकडा चाखावा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकावा. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही तो पिऊ नये असे बजावले आहे.

'रक्त शुद्ध होते', 'साखर मुळापासून जाते' असे सांगत कुणी रस विकायला आला तर पुरावा मागा. बाबासाहेबांनी आपल्याला तपासून घ्यायला शिकवले आहे. ते आरोग्यालाही लागू आहे. गोळ्या बंद करून रसावर राहू नका.

निरोगी माणसाने कधीतरी ताजा, बिनसाखरेचा, लहान पेलाभर रस जरूर प्यावा. गाजराचा चोथा थालीपिठात घालावा. रोजच्यासाठी मात्र अख्खे फळ : एक पेरू, एक संत्रे, मूठभर बोरे. त्याला वीज लागत नाही आणि जाळीही घासावी लागत नाही.