टाळेबंदीतील क्षमा आणि राहून गेलेले पापनिवेदन

२०२० चा प्रायश्चित्तकाळ आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली. महाराष्ट्रातील चर्चची दारे त्या वर्षी १६ नोव्हेंबरला उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबरला उघडली. दरम्यान अनेकजण विलगीकरण कक्षात, धर्मगुरूंच्या भेटीविना प्रभुघरी गेले. ‘फादर, आमचे बाबा पापनिवेदन न करताच गेले, त्यांचे काय?’ हा प्रश्न आजही कानी पडतो.

त्याचे उत्तर ख्रिस्तसभेने टाळेबंदीआधीच दिले होते. २० मार्च २०२० रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस महोदयांनी सकाळच्या मिस्सामध्ये सांगितले, की धर्मगुरू भेटत नसतील तर थेट पित्याशी बोला, खरे ते सांगा, अंतःकरणापासून क्षमा मागा आणि पुढे पापनिवेदन करीन असे वचन द्या. ही शिकवण नवी नव्हती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्येच ती मांडली होती. त्याच दिवशी व्हॅटिकनच्या अपॉस्टॉलिक पेनिटेन्शिअरीने मरणासन्न भाविकांसाठी पूर्ण दंडविमोचन जाहीर केले. अंतःकरण सिद्ध असावे आणि आयुष्यात काही प्रार्थना म्हटलेल्या असाव्यात, एवढेच पुरे होते. पापनिवेदनादी नेहमीच्या अटींची उणीव ख्रिस्तसभा स्वतः भरून काढणार होती. तेव्हा त्या बाबांविषयी घरच्यांनी मनात भय बाळगू नये.

प्रश्न उरतो तो आपला, मागे राहिलेल्यांचा. पोप महोदयांच्या बोलण्याचा पूर्वार्ध घरोघरी पोहोचला. पुढे पापनिवेदन करण्याचे वचन मात्र वाटेत कुठेतरी गळाले. ‘देवाशी थेट बोलतो, मग मध्ये फादर कशाला?’ असे म्हणणारे आता पुष्कळ भेटतात. त्यांना ती वाट सोपी वाटते. वस्तुतः ती अधिक कठीण आहे. संस्काराविना गंभीर पापाची क्षमा मिळण्यासाठी परिपूर्ण पश्चात्ताप लागतो, म्हणजे शिक्षेच्या धाकाने नव्हे, तर देवावरील निखळ प्रेमापोटी झालेले दुःख. आपला पश्चात्ताप तसा होता, हे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? महामारीत तर आपण सारेच भ्यालो होतो (मीही त्याला अपवाद नाही). पापनिवेदनात मात्र भीतीतून जन्मलेला अपूर्ण पश्चात्तापही, तो प्रामाणिक असेल आणि पाप सोडण्याचा निर्धार त्यात असेल तर, पुरेसा ठरतो. उरलेले कृपा करते. दुबळ्या मनाच्या माणसासाठी प्रभूने ठेवलेली ही सवलत आहे, आणि आपण तिलाच जाचक समजून टाळतो! शिवाय क्षमेचे शब्द तेथे आपल्या कानांनी ऐकू येतात. एकांतातील प्रार्थनेनंतर मन पुन्हा पुन्हा साशंक होते, हा अनेकांचा अनुभव आहे.

दोष केवळ भाविकांचा नाही. कॅनन कायद्याच्या ९८६ व्या कलमानुसार, भाविकांना सोयीच्या दिवशी व सोयीच्या वेळी पापनिवेदन ऐकणे हे आम्हा धर्मगुरूंचे कर्तव्य आहे. शनिवारी मिस्साआधी अर्धा तास, असे फलकावर लिहून आम्ही मोकळे होतो. तोवर चर्चगेटहून निघालेला नोकरदार विरार लोकलमध्येच उभा असतो. अशांनी आपल्या धर्मगुरूंना निःसंकोच फोन करावा. फोनवर पापनिवेदन होत नाही, पण त्यासाठी वेळ जरूर मागता येते.