एकवीस दिवसांचा हिशेब

‘पस्तीस दिवसांची झालीत, कधीही घेऊन जा.’ हे वाक्य आपल्या धंद्यात इतकं रुळलं आहे की बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. त्यामागचा व्यवहार सरळ असतो. बुकिंगचे पैसे आलेले असतात, पिल्लं पातळ खाणं चाटू लागलेली असतात, दात टोचतात म्हणून कुत्री पाजायचं टाळू लागलेली असते. मग पिल्लू आणखी ठेवायचं कशाला? केंद्र सरकारने २०१७ साली श्वान-प्रजनन आणि विक्रीचे नियम केले. त्यात राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची झाली आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई झाली. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. छप्पन्नातून पस्तीस गेले की उरतात एकवीस. हे एकवीस दिवस आपण फुकटच्या खर्चाचे म्हणून मोजतो आणि नियम आठवला तर सक्तीचे म्हणून. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. ब्रीडरच्या कामाचा गाभा याच एकवीस दिवसांत असतो. ते कापून टाकणारा माणूस अर्धवट माल विकतो, आणि ते नुसते पिंजऱ्यात ढकलून काढणाराही फारसं वेगळं करत नाही.

पहिल्या तीन आठवड्यांबद्दल आपल्या मंडळींना शिकवावं असं फारसं काही नाही. कुत्री व्याली की रात्री जागणं, थंडी असेल तर पेटीवर दिवा लावणं, प्रत्येक पिल्लाला पहिल्या दिवशीच चीक मिळाला की नाही ते पाहणं, रोज वजन करणं, कमजोर पिल्लू दुधाच्या आचळाला धरणं, दुसऱ्या आठवड्यापासून जंताचं औषध सुरू करणं, हे चांगला ब्रीडर डोळे मिटून करतो. या काळात पिल्लू म्हणजे ऊब आणि दूध शोधणारा एक आंधळा, बहिरा जीव. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात कान उघडतात आणि मग जग आत येऊ लागतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तेरा वर्षं पाच जातींच्या कुत्र्यांवर काम केलं आणि १९६५ साली ते पुस्तकरूपाने मांडलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ‘आपलं कोण’ हे ठरवत असतं, हा त्या कामातला सर्वांत टिकाऊ निष्कर्ष. म्हणजे आपण जिवापाड कष्ट घेतो ते तीन आठवडे शरीराचे. मन घडायला सुरुवात होते तेव्हा आपला हात सुटू लागतो.

सहाव्या आठवड्यातलं कुठलंही वेत दहा मिनिटं नुसतं पाहावं. एक पिल्लू दुसऱ्याचा कान धरतं आणि ओढतं. दात सुईसारखे असतात. दुसरं किंचाळतं, अंग झटकतं आणि खेळ सोडून कोपऱ्यात जाऊन बसतं. पहिलं क्षणभर गोंधळतं, पुन्हा जवळ जातं, या वेळी पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, आणि धरतं तेव्हा हलकेच धरतं. खेळ पुन्हा सुरू. तिकडे आई उभी असते. एक धटिंगण खालून आचळाला लोंबकळतो, ती गुरगुरते. तो ऐकत नाही, तेव्हा ती त्याचं तोंड आपल्या जबड्यात अलगद धरते आणि सोडते. कुठेही जखम नाही, पण तो चार पावलं मागे सरतो. जबड्याचा जोर किती लावायचा, ‘नको’ म्हणजे नको, हवं ते लगेच मिळालं नाही तरी जग बुडत नाही, हे तीन धडे इथे दिवसातून पन्नास वेळा गिरवले जातात. पस्तीसाव्या दिवशी घरी गेलेलं पिल्लू हेच धडे शिकायला निघतं तेव्हा समोर चार वर्षांच्या मुलाचा हात असतो. मूल भावंडासारखं अंग झटकून कोपऱ्यात जात नाही. ते रडतं, घरातलं कुणीतरी पिल्लाला फटका मारतं आणि पिल्लू शिकतं ते माणसाच्या हाताला भ्यायला.

हा केवळ अंदाज नाही. इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली १४० प्रौढ कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली. निम्मी कुत्री ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली होती, निम्मी दोन महिन्यांची झाल्यावर. लवकर तुटलेल्यांमध्ये अतोनात भुंकणं, रस्त्यावर घाबरणं, आवाजाला दचकणं, खाण्यावर आणि खेळण्यावर हक्क गाजवणं, सतत लक्ष वेधत राहणं, या तक्रारी अधिक होत्या. अभ्यासाच्या मर्यादा मान्य करायला हव्यात. माहिती मालकांच्या तोंडची आहे, आणि लवकर विकलं गेलेलं पिल्लू इतर बाबतींतही हयगयीतच वाढलेलं असू शकतं. पण नावं वाचून पाहा. फोनवर आपल्याला सहा महिन्यांनी ऐकाव्या लागतात त्याच या तक्रारी आहेत. ‘साहेब, जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो’, ‘एकटा ठेवला की बिल्डिंग डोक्यावर घेतो.’ आपण जातीला, रक्ताला, नाहीतर मालकाच्या लाडाला दोष देऊन मोकळे होतो.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यात वजनदार आक्षेप पार्व्होचा. दहा पिल्लं एका जागी असली आणि रोग शिरला तर अख्खं वेत जातं, त्यापेक्षा लवकर पांगवलेली बरी, असं अनुभवी लोकही सांगतात. भीती खरी आहे, पण उपाय उलटा पडतो. पिल्लाला चिकातून मिळालेलं संरक्षण काही आठवड्यांत ओसरत जातं. कुणाचं कधी ओसरेल ते सांगता येत नाही, आणि ते आहे तोवर लसीचा परिणामही नीट होत नाही. म्हणून पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची शिफारस अशी, की मुख्य लसी सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू कराव्यात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्यात आणि शेवटचा डोस सोळा आठवडे किंवा त्यानंतर पडेल असं पाहावं. पस्तीस दिवस म्हणजे पाचच आठवडे. त्या वयात ‘एक डोस झालाय’ असं सांगून दिलेल्या पिल्लाच्या कार्डावर शिक्का असतो, अंगात संरक्षण असेलच असं नाही. वर आपण त्याला आईपासून तोडून, नवं पाणी, नवं खाणं, गाडीचा प्रवास आणि अनोळखी जागेचे जंतू असं सगळं एका दिवसात देतो. पार्व्होशी लढायचं तर ते आपल्या आवारातच लढावं लागेल. पाहुण्यांच्या चपला बाहेर, हात धुतलेले, बाहेरून आलेलं कुत्रं वेताजवळ नाही. आणि फिनाईलवर विसंबणं बंद. हा विषाणू फिनाईलला दाद देत नाही आणि जमिनीत महिनोन्महिने टिकतो. आधी घाण काढून, मग घरगुती ब्लीच एकास तीस पाण्यात मिसळून, दहा मिनिटं ओलं ठेवून आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन, अशी जागा साफ व्हायला हवी. धुणं चालू असताना पिल्लं दुसरीकडे.

दुसरा आक्षेप लळ्याचा. ‘लहान नेलं की माणसाला लागतं, मोठं झालं की कुत्र्यांतच रमतं.’ यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. १९६१ साली अमेरिकेतच एक प्रयोग झाला. उंच कुंपणाच्या आवारात पिल्लं माणसाच्या संपर्काशिवाय वाढवली आणि वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणलं. पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान आणलेली पिल्लं सर्वांत चांगली माणसाळली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली मात्र रानटी जनावरांसारखी बुजरी झाली. यातून दोन गोष्टी निघतात. माणसाचा लळा लागण्याची खिडकी पस्तीसाव्या दिवशी मिटत नाही, ती तेव्हा कुठे पूर्ण उघडू लागते. आणि पिल्लाचं नुकसान आईजवळ राहिल्याने होत नाही, माणसावाचून राहिल्याने होतं. स्कॉट आणि फुलर यांनीही नव्या घरी जायला सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराचा काळ योग्य मानला होता. सातवा आठवडा की आठवा, यावर वाद घालता येईल. पाचव्याची बाजू घेणारा पुरावा मात्र आम्हाला कुठे दिसत नाही. खेड्यात महिन्याचं पिल्लू उचलून नेतात आणि त्याचं काही बिघडत नाही, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पण तिथे ते वाड्यावरून वाड्यावर जातं. आजूबाजूला इतर कुत्री असतात, गुरं असतात, मोकळं अंगण असतं, दिवसभर माणसांचा राबता असतो. सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लसीकरण पूर्ण होईपर्यंत जमिनीला पाय न लावता, दिवसाचे आठ तास एकट्याने काढणाऱ्या पिल्लाशी त्याची तुलना होत नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो आम्ही हलक्यात घेत नाही. आठ पिल्लांचं वेत एकवीस दिवस जास्त ठेवायचं म्हणजे १६८ पिल्लू-दिवस झाले. दिवसाला चार वेळा खाणं धरलं तर ६७२ वाट्या भरायच्या आणि धुवायच्या. शिवाय या वयात पिल्लं सगळ्यात जास्त खातात आणि सगळ्यात जास्त घाण करतात. एखाददुसरी कुत्री घरात ठेवून वेत वाढवणाऱ्याला हा भार लहान नाही. पण मग तो किमतीत दिसायला हवा. आज आपण रक्ताचे, केसीआयच्या कागदांचे, बापाच्या चँपियनपदाचे पैसे लावतो आणि स्वतःच्या मेहनतीचे लावत नाही. ग्राहकाला जर सांगता आलं, की हे पिल्लू छप्पन्न दिवसांचं आहे, वर्तमानपत्रावर शू करतं, कुकरच्या शिट्टीला दचकत नाही, गाडीत दोनदा बसलं आहे आणि रात्री पेटीत एकटं झोपतं, तर त्याची किंमत मागायला संकोच कसला? घरगुती ब्रीडरचा इथे फायदाच आहे. कुकर, मिक्सर, दारावरची बेल, येणारी-जाणारी मुलं, हे सगळं त्याच्या घरात आपसूक असतं. मोठ्या केनेलवाल्याला ते मुद्दाम आणावं लागतं. मागच्या बाजूला ओळीने मांडलेल्या पिंजऱ्यांत छप्पन्न दिवस काढलेलं पिल्लू नियमात बसतं, पण कुटुंबात बसत नाही.

म्हणून या एकवीस दिवसांचं काम ठरवून करायला हवं. प्रत्येक पिल्लू रोज भावंडांपासून वेगळं काढून काही मिनिटं हाताळायचं. पंजे, कान, तोंड उघडून पाहायचं, म्हणजे पुढे डॉक्टरांच्या टेबलावर युद्ध होत नाही. फरशी, माती, गवत, गोणपाट असं निरनिराळं पायाखाली यायला हवं. झोपायची, खायची आणि घाण करायची जागा वेगळी हवी, कारण झोपायच्या जागीच घाण करायची सवय लागलेलं पिल्लू शिकवायला घरच्यांचा घाम निघतो. एकटं राहायचं तेही एकदोन मिनिटांपासून शिकवायचं. या सगळ्यातून आपल्यालाही पिल्लं कळतात, आणि कुठलं पिल्लू कुणाकडे जावं हे सांगण्याचा अधिकार त्यातूनच येतो. मात्र एका दिवसाच्या चाचणीवरून भविष्य सांगायचा मोह टाळावा. बॉर्डर कॉली जातीच्या पिल्लांच्या अशा चाचण्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि सहा-सात आठवड्यांच्या वयातलं वागणं दीड-दोन वर्षांनंतरच्या वागण्याशी फारसं जुळलं नाही. तीन आठवडे रोज पाहणाऱ्याचं मत त्या चाचणीपेक्षा भरवशाचं असावं असं आम्हाला वाटतं, पण तेही मत म्हणूनच सांगावं, हमी म्हणून नाही.

उरतो शेवटचा आक्षेप: ‘मी थांबेन, पण शेजारचा तिसाव्या दिवशी देतो. दलाल आणि दुकानदार तर त्याच वयाची मागतात, कारण जितकं लहान तितकं काचेआड गोजिरं.’ हे खरं आहे, आणि केवळ नियमाने ते थांबलं नाही हेही खरं. इंग्लंडने यावर वेगळ्या बाजूने घाव घातला. एप्रिल २०२० पासून तिथे सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या विक्रेत्याने विकणं बंद झालं. घेणाऱ्याने ब्रीडरकडेच जायचं आणि पिल्लू आईसोबत पाहायचं. आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येईल, तोवर त्यातलं मर्म उचलायला परवानगी लागत नाही. ग्राहकाला आवारात बोलवा, पिल्लं आईसोबत दाखवा आणि दलालाला पिल्लू देऊ नका. आई दाखवता न येणारा विक्रेता मग आपोआप उघडा पडतो.

एक छोटी सूचना करून थांबतो. पिल्लाबरोबर आपण लसीचं कार्ड देतो, खाण्याचा तक्ता देतो, नोंदणीचे कागद देतो. त्यात आणखी एक ओळ घालावी: जन्माची तारीख आणि आपलं आवार सोडल्याची तारीख शेजारी शेजारी, खाली आपली सही. मधले दिवस किती हे आपण लिहायची गरज नाही. वजाबाकी ग्राहकाला येते, आणि एकदा ती करायची सवय त्याला लागली की पुढच्या वेळी शेजारच्याच्या दारातही तो पहिली तारीख विचारेल.