देवीची लस: रोग नसताना सक्ती योग्य आहे का?

तुमच्या घरातल्या आजी-आजोबांचा हात कधी नीट बघितलाय? पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या हातावर एक गोल, खोलगट खूण दिसेल. माझ्या आजीच्या हातावरही आहे. ती सांगते, "शाळेत देवी काढायला माणूस आला की आम्ही मागच्या दाराने पळायचो!" पण सुटका नसायची. तेव्हा ती लस सक्तीची होती.

आणि सक्तीला कारणही होतं. देवीच्या जीवघेण्या प्रकारात दर दहा रुग्णांमागे साधारण तीन दगावायचे. जे वाचायचे त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यभराचे व्रण राहायचे, काहींची दृष्टी जायची. भारतातला शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये सापडला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. लस बंद झाली. म्हणूनच तुमच्या-माझ्या हातावर ती खूण नाही.

मग आज हा विषय कशाला? कारण देवीचा विषाणू पूर्ण संपलेला नाही. अमेरिकेत अटलांटा इथे आणि रशियात कोल्त्सोवो इथे, अशा दोन प्रयोगशाळांत तो अधिकृतपणे जपून ठेवला आहे. उद्या कुणी त्याचं हत्यार केलं तर? मग आत्ताच सगळ्यांना सक्तीने लस द्यायची का?

हा प्रश्न अमेरिकेसमोर खरोखर आला होता. डिसेंबर 2002 मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी योजना जाहीर केली. सुमारे 5 लाख सैनिकांना लस सक्तीची आणि तितक्याच आरोग्य कर्मचाऱ्यांना ऐच्छिक. सामान्य लोकांनी घ्यावी, असा सल्ला सरकारने दिला नाही. ज्यांना निवड होती त्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी 40 हजारसुद्धा पुढे आले नाहीत.

त्यांची भीती बिनबुडाची नव्हती. या लशीत देवीच्या जातकुळीतला दुसरा, सौम्य पण जिवंत विषाणू असतो. जुन्या नोंदींनुसार पहिल्यांदा लस घेणाऱ्या दर दहा लाखांमागे एक-दोन जण दगावत. आकडा छोटा वाटतो ना? पण दहा कोटी लोकांना टोचली तर शंभर-दोनशे मृत्यू, तेही जगात एकही रुग्ण नसताना. शिवाय टोचलेल्या जागेवरून तो विषाणू घरातल्यांना लागू शकतो. 2007 मध्ये अमेरिकेत एका सैनिकाने लस घेतली आणि त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला संसर्ग झाला. मुलाला एक्झिमा होता. तो अनेक आठवडे रुग्णालयात होता. सुदैवाने वाचला.

दुसरी बाजूही बघायला हवी. हल्ला झालाच तर लस न घेतलेलं जग उघडं पडेल. पण इथे एक दिलासा आहे. विषाणूशी संपर्क आल्यावर तीन-चार दिवसांत लस दिली तरी रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. रुग्ण शोधायचा, वेगळा ठेवायचा आणि त्याच्याभोवतीच्या लोकांना लस द्यायची. भारतातून देवी शेवटी हद्दपार झाली ती याच पद्धतीने. त्या मोहिमेत बिहारमध्ये काही ठिकाणी लोकांना धरून जबरदस्तीनेही टोचलं गेलं. ते वाचताना वाईट वाटतं, पण तेव्हा रोग खरंच शेजारच्या घरात होता.

मला फरक तिथेच दिसतो. सक्ती करायचीच, तर संकट दारात हवं. नुसत्या शक्यतेसाठी निरोगी माणसाचा जीव धोक्यात घालायला कुणी भाग पाडू नये. लस साठवून ठेवा, टोचणारे हात तयार ठेवा. बाकीच्यांना आत्ता टोचायची गरज नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. हा हिशोब बाळाच्या नेहमीच्या लसींना लावू नका. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला आजही आपल्या आसपास आहेत. त्या लसी वेळेवर द्याच.

आज आजीशेजारी बसा आणि त्या खुणेबद्दल विचारा. तुमच्या आजीचं मत काय, सक्ती हवी होती की नको? माझी आजी म्हणाली, "पळालो खरे, पण शेजारची मुलगी देवीने गेली तेव्हा मीच हात पुढे केला."