खडी क्रशरचा परवाना आणि तपासणीचा दिवस

ज्या शेतकरी बंधूंचीं शिवारें खडी क्रशरच्या वाऱ्याखालीं येतात, त्यांस माघ-फाल्गुनांत पिकाचा रंग कसा होतो हें सांगावयास नको. हरभऱ्याचें पान करडें पडतें, कापसाच्या शेवटच्या वेचणींत बोंडावर थर बसलेला असतो, आणि गंजींतला कडबा झटकल्यावांचून बैल तोंड लावीत नाहीं. तक्रार केली म्हणजे उत्तर ठरलेलें असतें: "क्रशरला परवानगी आहे." बहुधा हें उत्तर खरेंहि असतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, परवानगी असणें ही एक गोष्ट आणि परवानगींतील अटी पाळल्या जाणें ही दुसरी. या दोहोंना जोडणारी जी तपासणी, ती पुष्कळदां कागदावरच होते.

असले लहान कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत असा कित्येकांचा समज आहे, तो चुकीचा होय. गौण खनिजाविषयीं नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या १५ व्या कलमानें राज्य सरकारांस दिला, आणि त्याखालीं महाराष्ट्रानें २०१३ सालीं आपले नियम केले. धुळीपुरता पाहतां, १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमान्वयें प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमति घ्यावी लागते. क्रशर उभारण्यापूर्वीं एकदां व चालविण्यापूर्वीं पुन्हां. क्रशरवाला म्हणतो, "माझे निम्मे दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविण्यांत जातात." त्याचें हें रडगाणें अगदींच खोटें नाहीं. एक जबडा, एक चाळण व हाताशीं पांच-सात माणसें एवढ्यावर धंदा करणाऱ्यास कागदांचा भार मोठ्या कंपनीपेक्षां जड जातो, हें आम्ही फायली बांधणाऱ्यांनीं तरी नाकारूं नये.

पण ज्या अटीनें शेतकऱ्याचें रक्षण व्हावयाचें, ती अट कागद गोळा करण्याची नव्हेच. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या पहिल्या अनुसूचींत खडी क्रशरसाठीं स्वतंत्र कलम आहे. क्रशरपासून ४० मीटर अंतरावर, त्या क्रशरमुळें हवेंत मिसळणारी तरंगती धूळ दर घनमीटरास ६०० मायक्रोग्रॅमहून कमी असली पाहिजे. धूळ कोंडण्याची व पाण्यानें दाबण्याची व्यवस्था, वारा अडविणाऱ्या भिंती, आवारांत पक्के रस्ते, जमीन वरचेवर झाडून ओली ठेवणें आणि कडेनें झाडांचा पट्टा, इतकें सारें त्यांत सांगितलें आहे. शिवाय धुळीचें मोजमाप महिन्यांतून निदान दोनदां, बाराहि महिने व्हावें असें आहे. म्हणजे वर्षाचीं चोवीस मोजमापें झालीं. वाचकांनीं आपल्या गांवच्या क्रशरचीं चोवीस राहोत, दोन तरी पाहिलीं आहेत काय?

धूळ केवळ जबड्याशींच उडते असें नाहीं. चाळणीवर, आणि पट्ट्याच्या टोकाहून खडी ढिगावर कोसळते तेथें ती फार उडते. फवारा तेथेंहि हवा. परंतु ओली कच चाळणीच्या भोंकांत बसते, माल कमी निघतो, आणि मग कोणी पाहणारें नसलें म्हणजे पाणी बंद होतें. सारा प्रश्न या "कोणी पाहणारें नसलें म्हणजे" यांत आहे.

महसूल खात्यांत असतांना अशा एका पाहणीस पंचनामा लिहिण्याकरितां आम्ही गेलों होतों. येणार असल्याची वर्दी आदल्या दिवशींच पोंचली होती. आवार शिंपलेलें, फवारे चालू, आणि पट्टा तुटल्याचें सांगून यंत्र मात्र बंद. "पाहणीसमयीं धूळ आढळून आली नाहीं," हें वाक्य आम्हीं स्वहस्तें लिहिलें, आणि तें अक्षरशः खरें होतें! पंच म्हणून ज्या दोघांनीं सह्या केल्या, त्यांचे ट्रॅक्टर त्याच क्रशरवर लागलेले होते. शेजारचा खातेदार बांधावर उभा होता. त्यास कोणी विचारलें नाहीं. आम्हींहि विचारलें नाहीं.

पिकावर बसलेली धूळ निदान डोळ्यांस दिसते. गुजरातेंत गोध्रा व बालासिनोर येथें गारगोटी दळण्याच्या गिरण्यांत मध्यप्रदेशांतील झाबुआ, अलिराजपूर, धार या भागांतले आदिवासी मजुरीस जात. गारगोटीची बारीक पूड फुप्फुसांत शिरून सिलिकोसिस होतो, आणि तो झाला म्हणजे बरा करणारें औषध नाहीं. मे २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशा २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकीं ३ लाख रुपये देण्याचा हुकूम गुजरात सरकारास केला. कोणत्या गिरणीचे कागद पुरे होते व कोणत्या गिरणीचे अपुरे, याचा त्या घरांस आतां काय उपयोग? आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडांत गारेचा अंश थोडा असल्यानें धोका तितका नाहीं. कासार्ड्याकडील सिलिका वाळूबद्दल मात्र तसें म्हणतां येणार नाहीं.

आमच्याच लोकांचा दोषहि झांकूं नये. ज्या माळरानावर क्रशर उभा राहतो तो माळ पुष्कळदां आपल्यांतल्याच कोणा खातेदारानें भाड्यानें दिलेला असतो. भाडें एकाच्या घरीं येतें, धूळ चौघांच्या शेतांत जाते. करार लिहितांना भाड्याच्या रकमेवर चार बैठका होतात, आणि वाऱ्याच्या भिंतीविषयीं एक ओळ कोणी घालीत नाहीं.

तेव्हां आमची मागणी आणखी एका परवान्याची नाहीं. आहेत त्यांतले कांहीं एकत्र करून लहान धंदेवाल्याचा फेरा वांचविला तरी आमची हरकत नाहीं. पण तपासणी वर्दी न देतां व्हावी, मार्गशीर्ष ते फाल्गुन या कोरड्या दिवसांत व्हावी, आणि यंत्र चालू असतांना व्हावी. यंत्र बंद आढळल्यास ती झाली असें धरूं नये. वाऱ्याखालच्या एका तरी खातेदारास पंच करावें. मोजमापाचे आंकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारखेसह लागावे.

हें होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं मंडळाच्या कचेरींत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करतां येतो, आणि तीस दिवसांत उत्तर मिळावयास पाहिजे. अर्जांत "क्रशरचा त्रास होतो" असें मोघम लिहूं नये. क्रशरचा गट नंबर द्यावा. संमतिपत्राची अटींसह नक्कल मागावी. मागील बारा महिन्यांतील प्रत्येक मोजमापाची तारीख, आंकडा व त्या वेळीं यंत्र चालू होतें कीं बंद याची नोंद मागावी. अर्जाची पोंच घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडूं नये. अर्जाचा नमुना ज्यांस हवा असेल त्यांनीं या मासिकाच्या कचेरीकडे लिहावें. आम्ही तो तयार करून ठेवला आहे.