अकोला तापलं, तेव्हा समुद्रातली प्रवाळं पांढरी का पडली?

मे २०२४च्या अखेरीस अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्ह्यात जमावबंदी लागू झाली. त्याच महिन्यात कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपमधली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडल्याचं सांगितलं. कारण होतं ऑक्टोबर २०२३च्या अखेरीपासून समुद्रात टिकून राहिलेली उष्णतेची लाट.

प्रवाळं पांढरी का पडतात?

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला बहुतांश अन्न आणि रंग देतं. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत थंड झालं तर तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो.

महाराष्ट्राचा काय संबंध?

मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळं आहेत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर खोल समुद्रात आंग्रिया बँक हे मोठं प्रवाळक्षेत्र आहे. समुद्री माशांच्या सुमारे एक चतुर्थांश प्रजाती आयुष्यात कधी ना कधी प्रवाळांच्या आसऱ्याला असतात, त्यामुळे हा मासेमारीचाही प्रश्न आहे.

बोटींचे नांगर, सांडपाणी, बेशिस्त पर्यटन यांना स्थानिक पातळीवर आवर घालता येतो. त्याने प्रवाळांना सावरायला बळ मिळतं. पाण्याचं तापणं मात्र कार्बन उत्सर्जन घटल्याशिवाय थांबणार नाही. अकोल्यात दुपारी माणूस सावली गाठतो. प्रवाळाला जागा सोडता येत नाही.