सदनिकांचे नवे खोत

मुंबईत स्वतःचे घर झाले, कर्ज फिटत आले, की मध्यमवर्गीय गृहस्थाच्या कानी एक नवा मंत्र पडू लागतो : आता दुसरी सदनिका घ्या, पण येथे नको, दूर घ्या. पुण्याजवळ हिंजवडीला घ्या. तेथे संगणक-उद्योग आहे, नोकरीसाठी येणारे तरुण आहेत, भाडेकरूंना तोटा नाही. वारंवार जाण्याचेही कारण नाही. दलाल भाडेकरू शोधील, अकरा महिन्यांचा करार होईल, अनामत आणि भाडे थेट बँकेत जमा होईल. दुबईत किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी माणसालाही हाच उपदेश केला जातो. ज्या गावात राहावयाचे नाही तेथे घर घ्यावयाचे आणि ज्याला ओळखत नाही त्याच्या पगारातला वाटा दरमहा घरबसल्या मिळवावयाचा, या व्यवहाराला ‘गुंतवणूक’ असे प्रतिष्ठित नाव मिळाले आहे. महाराष्ट्राला मात्र त्याचे जुने नाव ठाऊक असावयास हवे. ते नाव गैरहजर जमीनदारी हे होय.

या जमीनदारीविरुद्ध महाराष्ट्राने मोठी लढाई दिलेली आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे संप करून खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. त्या तत्त्वाची खूण आजही कायद्यात आहे. काही अपवाद सोडले तर महाराष्ट्रात बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. परकीय चलनविषयक नियमांनुसार अनिवासी भारतीयालाही ती विकत घेता येत नाही. सदनिका मात्र तोच अनिवासी हव्या तितक्या घेऊ शकतो. शेतजमिनीच्या खरेदीत कायदा विचारतो, ‘तू कोण?’ घराच्या खरेदीत तो एवढेच विचारतो, ‘पैसे किती?’

दूरच्या मालकाच्या या सदनिकेला मोल येते कोठून? हिंजवडीची जमीन शेतकऱ्यांची होती. औद्योगिक विकास महामंडळाने ती संपादित केली. रस्ते सार्वजनिक पैशातून झाले. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये शासनाच्याच पुढाकाराने झाली. इमारती परप्रांतातून आलेल्या बिगाऱ्यांनी आणि गवंड्यांनी बांधल्या. संगणकावर राबणारे तरुण, त्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया, फाटकावरचे पहारेकरी या सर्वांच्या श्रमाने तेथे वस्ती उभी राहिली. या उभारणीत दूरच्या मालकाचा वाटा कर्जाच्या अर्जावर सही करण्यापुरता असतो. आणि तो भाड्यावर तरी कोठे समाधानी असतो? आपल्या शहरांत वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते. कर्जाचे व्याज त्याच्या दुपटीहून अधिक. त्याची सारी भिस्त उद्या वाढणाऱ्या किमतीवर असते. मोल समाजाने निर्माण करावे आणि वाढ मालकाने खिशात घालावी, यालाच अनर्जित उत्पन्न म्हणतात.

सरकार या उत्पन्नाला आवर घालत नाही. उलट त्याचे लाड करते. घरभाड्याच्या उत्पन्नातून नगरपालिकेचा कर वजा जाता उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते; मालकाने दुरुस्तीवर एक पैसाही खर्च केलेला नसला तरी मिळते. भाडेकरूच्या वाट्याला मात्र टांगती तलवार येते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून अकरा महिने सरत आले की भाडेवाढ मुकाट्याने मान्य करावयाची, अथवा मुलांची शाळा आणि बिऱ्हाड दोन्ही बदलावयाची, एवढीच निवड त्याच्यापुढे उरते.

या व्यवहाराचे समर्थक म्हणतात, गुंतवणूकदार नसेल तर घरे बांधली जाणार नाहीत आणि भाडेकरू रस्त्यावर येईल. हा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. त्याच जनगणनेत झोपडपट्ट्यांत राहणाऱ्यांची संख्या सुमारे साडेसहा कोटी होती. घरे बांधली गेली, पण ज्यांना निवारा नव्हता त्यांच्या हाती ती पडली नाहीत. किंमत वाढण्याची वाट पाहणाऱ्याला घर रिकामे ठेवणेही परवडते.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि तो चळवळीच्या हितचिंतकांच्याच घरातून येतो. निवृत्तीला आलेला शिक्षक किंवा बँक कर्मचारी विचारतो, ‘म्हातारपणी खावे काय?’ त्याला खोत म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत येणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतन योजनेबाहेर ठेवण्यात आले. खाजगी क्षेत्रातील कामगारांच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरवण्यात आली. ज्या राज्यव्यवस्थेने म्हातारपणाची काठी काढून घेतली, तिनेच त्याला दुसऱ्याच्या बिऱ्हाडावर टेकावयास शिकवले. एका श्रमिकाच्या वार्धक्याची तरतूद दुसऱ्या श्रमिकाच्या पगारातून व्हावी आणि मधल्यामध्ये बिल्डर, बँक व दलाल यांनी हात धुऊन घ्यावेत, अशी ही रचना आहे. म्हणून निवृत्तिवेतनाची लढाई आणि घराची लढाई या दोन नव्हेत, एकच होय.

यावर उपाय नाही असे नाही. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहनिर्माण कर बसवला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांच्या आसपास घरे बांधून कामगारांना माफक भाड्याने दिली. महाराष्ट्रातही रिकाम्या सदनिकांवर आणि दुसऱ्या-तिसऱ्या घरांवर चढता कर, त्या पैशातून सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे आणि भाडेवाढीवर कायदेशीर मर्यादा या मागण्या पक्षाने हाती घेतल्या पाहिजेत.

तोवर कार्यकर्त्यांनी हाताशी असलेला कायदा तरी वापरावा. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. ही साधी गोष्ट किती भाडेकरूंना ठाऊक आहे? हिंजवडीच्या, वाकडच्या एकेका इमारतीत जाऊन ती सांगणे आणि भाडेकरूंची समिती उभी करणे हे आजचे काम आहे. चरीची कुळेही एकेकटी होती तोवर खोताला त्यांची भीती नव्हती.